पड की पडीक

चिखलाचं पाणी उंबऱ्यावरनं आत आलं, तशी मी पोरीला उचलून पलंगावर चढले. वर घरांसाठी सपाट केलेल्या रानातनं पाणी सरळ आमच्या दारात येत होतं, आनि मला एकदम ती बाई आठवली.

कुठली जागा कशाला द्यायची, ते बघाय ती महाडवरनं आली होती. नाव इचारायचं राहूनच गेलं. आमच्या वरच्या रानात उकिडवी बसून तिनं बाटलीतलं पाणी मातीवर ओतलं. लगेच मुरलं. माझ्या पोरीला म्हनाली, "बघ गं, तुझ्यापेक्षा पटापट पिते."

मग तिनं जमीन कसली ते इचारलं.

सासू म्हनाली, "पड हाय."

नाचणी काढून विसाव्याला टाकलेल्या जमिनीला आमी पड म्हनतो. तिनं पेन थांबवलं. "पड की पडीक? पडीक लिहिलं तर इथं घरं येतील. मग हे पाणी कोण पिणार?"

तळीये गावावर दरड आली तवापासनं आमाला डोंगराखाली झोप नाय. सासू म्हनाली, "पडीक लिव गो. नातीला हितं माळावर, कड्यापासनं लांब घर होऊ दे."

तिनं पडीक लिवलं. उरलेलं पाणीबी तिथंच ओतून उठली.

घरं अजून बांधायचीच हायत. कडेवर पोर असती, तर तुमी काय सांगितलं असतं?