बायको स्टँडवरच राहिली

गेल्या उन्हाळ्यात मी माझ्या बायकोला कामरगावच्या स्टँडवर सोडून जीपने एकटाच निघून गेलो. भांडण वगैरे काही नव्हतं. उलट, प्रेम सिद्ध करायला गेलो होतो!

झालं असं, की मंदाला टीव्हीवरच्या एका मालिकेचं वेड लागलं होतं. परदेशात नोकरीला गेलेलं जोडपं, तिथे लढाई पेटते, शहर रिकामं होतं. आदल्या दिवशीच्या भागात शेवटच्या ट्रकमध्ये एकच जागा उरली आणि नवऱ्याने बायकोला उचलून आत बसवलं. स्वतः खाली. बॉम्ब पडताहेत, पण कोटाची इस्त्री मोडली नाही! मंदाने पदर डोळ्यांना लावला.

"तुमी काय केलं असतं वो?"

"मी? तुह्यासाठी अख्खा ट्रक केला असता!"

"पान्याचा गिलास त उठून घेत नाई तुमी."

(खरं आहे. पण लढाई वेगळी, पाणी वेगळं.)

दुसऱ्या दिवशी कारंज्याला मेहुण्याच्या पोरीचं बारसं. एसटीचा पत्ता नाही. जीप आली ती भरूनच, आणि खाली पंचवीस माणसं.

"राहू द्या, मागून दुसरी येईन," मंदा म्हणाली.

पण माझ्या अंगात तो मालिकेतला नवरा शिरला होता. "थांब, तुह्यासाठी जागा धरतो!" म्हणत मी घुसलो. एका आजोबांच्या पायावर पाय दिला, एका बाईच्या कोंबडीची माफी मागितली आणि जागा पटकावली. खिडकीची! मंदाला हाक मारणार, तोच कुणीतरी मांडीवर सोयाबीनचं पोतं ठेवलं आणि जीप सुटली.

"अरे थांबव! बायको राह्यली!"

"कोनाची?" ड्रायव्हरने विचारलं.

"माही!"

"मंग येईन ना मागच्या गाडीनं. कायले घाबरून राह्यले?"

अख्खी जीप हसली. आजोबा सगळ्यांत जास्त.

माझा मोबाइल मंदाच्या पर्समध्ये. दोन किलोमीटरवर कसाबसा उतरलो आणि उन्हात उलटा चालू लागलो. समोरून एसटी आली. मी दोन्ही हात वर केले. थांबली नाही. खिडकीत मंदा, ऐसपैस बसलेली, शेजारची सीट रिकामी! (कंडक्टरने तिला विचारलं होतं म्हणे, "ओयखीचे हायेत का?" ती म्हणाली, "नाई बा.")

कांद्याच्या ट्रॅक्टरवर बसून मी कारंज्यात पोचलो, तोवर बाळाला नाव ठेवून झालं होतं. मलाही नावं ठेवून झाली होती.

सासूबाईंनी ताटं वाढली. "बसा जवाईबापू, आपल्या घरी जागा धरा लागत नाई."

हे त्या म्हणाल्या तेव्हा मी बसून दुसरी पुरी तोडत होतो. मंदा अजून उभीच होती!