एका इंजिनावर

धक्क्यावर तिला सगळे टिटवी म्हणत. बोट सुटायच्या आधी तिचा आरडाओरडा ठरलेला: "बसून घ्या, कठडा धरा, हात बाहेर काढू नका!" तिच्या आधी तिचे वडील हीच बोट चालवायचे. ते एका शब्दात काम भागवत, आणि ही एका शब्दाच्या जागी दहा खर्ची घाली. पण नदी तिलाही वडिलांइतकीच तोंडपाठ होती. म्हणून लोक हसायचे आणि मुकाट्याने कठडा धरायचे.

बाळंतपणानंतर कामावर परतल्याचा तिचा तो पहिलाच दिवस. बाळ नुकतंच मान धरू लागलं होतं. बाटली तोंडाशी नेली की असं तोंड फिरवायचं, जणू कुणी कारल्याचा रसच पाजतंय. बाटल्या बदलून झाल्या, बुचं बदलून झाली, वाटी-चमचा झाला. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "तू जा गं. भूक लागली की झक मारत पिईल."

"आणि नाही प्यायलं तर?" नणंदेने विचारलं होतं.

टिटवीने सकाळी बाळाला पोटभर पाजलं, दुपार कलायच्या आत येते असं सासूबाईंना सांगितलं आणि ती खालच्या गावाची फेरी घेऊन निघाली. दिवसभर डोकं बोटीत होतं आणि जीव घरात.

परतीच्या फेरीत तीनच माणसं होती. फरशीची खोकी घेऊन निघालेला एक ठेकेदार, डोळे तपासून घेतलेले निवृत्त मास्तर, आणि दाढ काढून आलेली तीच नणंद. तिचा एक गाल सुजला होता, पण जीभ शाबूत होती.

धरणाखालची त्यांची वसाहत आणि खालचं गाव यांच्यामध्ये नदी एका अरुंद घळीतून वाहते. दोन्ही बाजूंना सरळसोट कातळ. बोट लावावी अशी जागा म्हणजे मध्यावरचा एकच सपाट खडक. घळीत रस्ता नाही, फोन लागत नाही, वायरलेसमधून नुसती खरखर येते. त्या खडकाच्या जरा अलीकडे डाव्या इंजिनातून पांढरी वाफ उसळली आणि ते धापा टाकत बंद पडलं. गार पाणी फिरवणारा पंप जागीच अडकला होता. टिटवीने झाकण उघडलं, हात भाजून घेतला आणि झाकण लावून टाकलं. बदलायला दुसरा पंप बोटीत नव्हता. कसाबसा तिने खडक गाठला आणि दोर बांधला.

"काय झालं वहिनी?" नणंदेने विचारलं.

"डावं गेलं."

"म्हणजे अर्धं राहिलंय. मग अर्ध्या वेगाने जाऊ!"

इथेच तर सगळी मेख होती. या बोटीला बाहेर पंखा नसतो. ती पोटाखालून पाणी ओढते आणि मागच्या तोंडातून जोराने फेकते. वेग आला की बोट पाण्यावर उठते आणि घोटाभर पाण्यावरूनही सरसर निघून जाते. वेग नसला तर तीच बोट पाणी पिऊन आलेल्या म्हशीसारखी खोल बसते. भरलेल्या बोटीला एक इंजिन उठवू शकत नव्हतं. आणि न उठता पुढे जाणं शक्य नव्हतं, कारण घळीच्या वरच्या तोंडाशी प्रवाहाला ओढ होती आणि त्यापलीकडे, वसाहतीच्या अगदी समोर, खडीचा उथळ पट्टा होता. थांबून राहावं, तर संध्याकाळी धरणाचं पाणी बंद होतं. मग ओढ कमी होते खरी, पण पट्टा उघडा पडतो. आत्ता जावं तर ओढ आडवी, नंतर जावं तर खडी आडवी.

"मागे फिरलो तर?" मास्तरांनी विचारलं.

मागे फिरणं हेच शहाणपणाचं होतं. प्रवाहाबरोबर एका इंजिनावर खालचं गाव सहज गाठता आलं असतं, सगळ्यांना रात्री झोपायला जागा मिळाली असती. तिच्या छातीत दूध दाटून दगड झाले होते. बाळाची दुपारची वेळ केव्हाच टळून गेली होती. पण बोट काही तिच्या बाळाची नव्हती. वडील म्हणायचे, बोटीत बसला तो आपला, मग तो कुणी का असेना.

"मागे फिरता येईल," ती म्हणाली. "तेच बरं आहे. वर जायचं तर बोट हलकी करावी लागेल, आणि तरी जमेलच असं नाही. माझं बाळ उपाशी आहे, म्हणून मला विचारू नका. मला धड सुचत नाहीये."

मग ठेकेदाराने खोक्यांकडे बघितलं. "हलकी करायची म्हणजे माझ्या फरश्याच ना? उतरवा. खडकावर कोण पळवणार आहे, मासे?"

"मास्तरांना उतरवलं तरी चाललं असतं," नणंद म्हणाली. "पण फरश्या बोलत नाहीत, त्या राहतील नीट."

"मी तुला चौथीत नापास करायला हवं होतं," मास्तर म्हणाले आणि पहिलं खोकं त्यांनीच उचललं.

खोकी उतरली. बोटीचं नाक वर जाऊ नये म्हणून टिटवीने तिघांनाही पुढे, अगदी टोकाशी दाटीने बसवलं. नणंद ठेकेदाराच्या बॅगेवर, मास्तर नणंदेच्या पायाशी. उजव्या इंजिनाचा वेगाचा दांडा तिने पुढे रेटला. बोट गुरगुरली, एका बाजूला ओढू लागली, मागून खाली बसली. टिटवी ओरडली, "पुढे वाका! आणखी वाका!" तिघेही असे वाकले, की जणू नदीतच काहीतरी हरवलंय. बराच वेळ बोट नुसतीच कण्हत राहिली. मग अचानक पोटाखालचं पाणी हलकं झालं आणि ती उठली.

घळीच्या तोंडाशी पाणी कातळावर आपटत होतं. बोट तसू-तसू पुढे सरकत होती. डावीकडची भिंत इतकी जवळ, की तिच्यावरचं शेवाळ मोजता यावं. इथे दांडा जरा जरी मागे घेतला तरी संपलं, कारण पाण्याची फेक थांबली की सुकाणूही मरतं. टिटवीने दांडा पुढे दाबूनच धरला. आणि एकदम भिंती संपल्या, आकाश मोठं झालं, समोर वसाहतीची घरं दिसली.

तिला आपलं स्वयंपाकघर दिसलं. खिडकी उघडी होती.

खडीच्या पट्ट्यावर नदी उजवीकडे जोरात वळते. तिथे वळायची एक पद्धत आहे. ती तिच्या हातांना लहानपणापासून ठाऊक होती: उजवा दांडा मागे, डावा पुढे, की बोट जागच्या जागी गिरकी घेते. वळण आलं. तिच्या हातांनी तेच केलं. उजवा मागे घेतला आणि मेलेल्या इंजिनाचा दांडा पुढे ढकलला.

बोटीचा आवाजच गेला. ती पाण्यात बसली, आडवी झाली आणि करकरत खडीवर जाऊन रुतली.

"आलं का घर?" डोकं खाली घातलेल्या मास्तरांनी विचारलं.

टिटवी आपल्या हातांकडे बघत होती. मग म्हणाली, "माझी चूक झाली."

सगळे गुडघाभर पाण्यात उतरले, खांदे लावले. बोट हलेना. दोन्ही बाजूंना खोल पाणी, मध्ये हा खडीचा पट्टा, आणि धरणाकडचं पाणी उतरायला लागलेलं. घर इतकं जवळ, की दोरीवरचे कपडे दिसावेत. फोन मात्र आता लागला. सासूबाईंनी उचलला, पण त्यांच्या आवाजाआधी बाळाचा आवाज आला. घसा बसून गेलेलं, तुटक रडणं. ते ऐकलं आणि टिटवीचा सदरा पुढून ओला झाला.

"आम्हाला खिडकीतून दिसतंय सगळं," सासूबाई म्हणाल्या. "तुझा नवरा वल्ह्याची होडी घेऊन निघतोय. मी बाळाला घेऊन बसते होडीत, तिथेच पाज."

"नाही!"

"अगं, लेकरू रडून रडून निळं पडलंय."

"आई, नदीवर बाळ आणायचं नाही. ओढ आहे अजून. मी येते."

पण होडीत नवऱ्याशिवाय दोघंच मावत होती. नणंद म्हणाली, "पहिल्या खेपेला तू जा." ठेकेदारही तेच म्हणाला. टिटवीने मान हलवली. रुतलेल्या बोटीवर माणसं सोडून चालक उतरत नाही. आणि ही बोट तर तिने स्वतःच्या हातांनी रुतवली होती. मास्तर आणि नणंद पुढे गेले. ती ठेकेदाराबरोबर कठड्यावर बसून राहिली, हाताची घडी छातीशी घट्ट धरून. दुखणं आता काखेपर्यंत गेलं होतं. ठेकेदार दुसरीकडे तोंड करून, आपल्याला पोहता येत नाही आणि ते आपण बायकोपासून लपवलंय, असं काहीबाही सांगत राहिला. तिने एक शब्दही ऐकला नाही. ती खिडकी बघत होती.

होडी परत यायच्या आधी फोन वाजला. या वेळी मागे रडणं नव्हतं.

"प्यायलं," सासूबाई कुजबुजल्या. "बाटलीने. आधी थुंकलं, मग चिडून ओढायलाच लागलं. सगळी संपवली. आता झोपलंय."

"खरंच?"

"खोटं कशाला सांगू? ये आता सावकाश."

ती "बरं" म्हणाली. ठेकेदाराने विचारलं, "सगळं ठीक ना?" तिने हसून मान डोलावली, आणि मग तोंड वळवून इतकी रडली, की ठेकेदाराला बायकोपासून लपवलेली आणखी दोन गुपितं सांगावी लागली.

घरी पोचली तेव्हा बाळ पालथं झोपलं होतं, गालाला दुधाचा ओघळ. सासूबाई शेजारीच भिंतीला टेकून पेंगत होत्या. रिकामी बाटली त्यांच्या मांडीवर होती. टिटवीने हातपाय धुतले, कोरडे कपडे घातले आणि ती पाळण्याशी जाऊन बसली. छाती ठणकत होती. एक बोट जरी बाळाच्या तळपायाला लावलं असतं तरी ते जागं झालं असतं.

"उद्या पाणी चढलं की बोट काढून पंप बसवतायत म्हणे," नवरा दारातून म्हणाला. "परवापासून फेरी सुरू. तू जाशील ना?"

"जाईन," ती हळू आवाजात म्हणाली. मग उठली, मोरीत गेली, नळ सोडला आणि दूध पिळून टाकू लागली. अधूनमधून ती नळ बंद करायची, आतून आवाज येतोय का ऐकायची, आणि पुन्हा सोडायची.