माझ्याच हातानं टाइप केलेला शब्द

"लिही. हा तुझाच आहे," साहेब म्हणाला.

मी पेन्सिल उचलली. मार्च महिना होता, गोपनीय अहवालांचा. सेक्शनमधल्या प्रत्येकानं वर्षभर काम कसं केलं ते साहेब सांगायचा, मी शॉर्टहँडमध्ये घ्यायची, टाइप करायची. खाली त्याची सही. त्यावर बढत्या ठरायच्या. ज्याचा अहवाल त्याला तो दाखवत नाहीत. स्टेनोचा अहवाल साहेब स्वतःच्या हातानं लिहितो, असा सगळीकडे रिवाज. पण यानं मला समोर बसवून माझाच अहवाल मला सांगितला. सावकाश. माझ्या तोंडाकडे बघत.

"हर वर्क इज ॲडिक्वेट. फुलस्टॉप."

एक ओळ. सलग तिसऱ्या मार्चला तीच. त्याआधी सेक्शनमधल्याच मिस सेनच्या सहा ओळी झाल्या होत्या. या खेपेला मी विचारलंच.

"साहेब, ॲडिक्वेट म्हणजे?"

तो हसला. "डिक्शनरीत बघ. पुरेसं. वाईट नाही काही. वाईट लिहिलं असतं तर नियमानं तुला कळवावं लागलं असतं, मग तू अर्ज करत बसली असतीस. याच्यावर अर्ज करता येत नाही." मग चष्मा पुसत म्हणाला, "तुमच्यातल्या बाईला पुरेसं म्हणजे पुष्कळच की गं."

मी बाहेर आले. मशीनला कागद लावला. टाइप केलं. एक चूक नाही, एक अक्षर पुसट नाही. त्याच्या बोलण्यापेक्षा मला याची जास्त लाज वाटते. एक तरी अक्षर चुकायला हवं होतं.

आम्ही नागपूरची, दीक्षा घेतलेली माणसं. वडील गिरणीत होते. मी राखीव जागेवर केंद्र सरकारच्या नोकरीत लागले आणि नेमणूक झाली कलकत्त्याला. आईला घेऊन डमडमला एका खोलीत राहायला आले. साहेबही मराठीच, घराणं तीन पिढ्या कलकत्त्यात. मी हजर झाले त्या दिवशी "वा, मराठी माणूस!" म्हणून तो उठून उभा राहिला होता. दोन चहा सांगितले. आडनावावरून त्याला नीट उलगडा होईना, तेव्हा नागपुरात कुठल्या वस्तीत राहता म्हणून विचारलं. मी सांगितलं. चहा आले तेव्हा तो फाइल वाचत होता. माझा कप ट्रेवरच राहिला, ट्रे परत गेला. त्यानंतर मिस सेन ही 'मिस सेन', आणि मी 'अगं'.

आमचे हेडक्लार्क घोषालबाबू. म्हातारा, भित्रा माणूस, पण इंग्रजीचा शौकीन. दुपारच्या सुट्टीत त्यांना शब्द विचारला. त्यांनी कपाटातून जाडजूड डिक्शनरी काढली आणि बोट फिरवत समानार्थी शब्द वाचू लागले. सफिशंट. इनफ. पासेबल. पुढं आवाज उतरला. टॉलरेबल.

"टॉलरेबल म्हणजे?"

"सहन करण्याजोगं," ते त्यांच्या मोडक्या हिंदीत म्हणाले. "जावयाला विचारलं, जेवण कसं होतं? तो म्हणाला, ॲडिक्वेट. तर सासू रडेल. असा हा शब्द. सरकारी कागदावर तर फारच वाईट. हा माणसाला मारत नाही दीदी. उठू देत नाही." डिक्शनरी मिटून त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. "तुम्ही विचारलं नाही, मी सांगितलं नाही."

जूनमध्ये बढत्यांची यादी लागली. माझ्यामागून दोन वर्षांनी आलेली मिस सेन वर गेली. तिची पत्रं चुकली की मी पुन्हा टाइप करून द्यायची. मी तिला अभिनंदन म्हटलं. तिनं संदेश दिला, त्यांच्याकडची छेन्याची मिठाई. तो मी कागदात गुंडाळून ठेवला.

घरी आईला सगळं सांगितलं. आईला अक्षरओळख नाही. तिनं तो एकच शब्द धरला.

"सहन करण्याजोगं? सहन तं तू करून राहिली त्याले!"

 तीन वर्षं मी मान खाली घालून विचार करत होते की माझ्यात काय कमी आहे.

दुसऱ्या दिवशी मी शॉर्टहँडच्या जुन्या वह्या काढल्या. तिन्ही वर्षांचे अहवाल वाचले. दुपारी टेबलावर डोकं ठेवून झोपणाऱ्याला 'गुड'. महिन्यातून आठ दिवस गायब असणाऱ्याला 'व्हेरी गुड'. ॲडिक्वेट फक्त तिघांना. मी, बिहारचा एक चांभार समाजातला क्लार्क आणि पुरुलियाचा एक संथाल आदिवासी, टपाल रवाना करणारा डिस्पॅचर. तिघंही राखीव जागेवरचे. तिन्ही वर्षं तोच शब्द. त्याला आमच्यासाठी दुसरा शब्द शोधायचे कष्टसुद्धा नको होते.

मी मार्चची वाट पाहिली. नऊ महिने. इतक्या आतुरतेनं मी कशाचीच वाट पाहिलेली नाही.

"लिही. तुझा." तो खुर्चीत रेलला. "हर वर्क इज..."

मी पेन्सिल टेबलावर ठेवली.

"मी लिहिणार नाही."

"काय म्हणालीस?"

"तुम्ही लिहा. तुमच्या हातानं लिहा. तुमचं अक्षर राहू दे त्याच्यावर."

खालून डलहौसी चौकातल्या मोर्च्याचा 'चोलबे ना, चोलबे ना', चालणार नाही, असा घोष वर येत होता. त्याचा चेहरा लाल झाला. "इनसबॉर्डिनेशन म्हणजे काय ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. त्याच्यावर अर्ज करता येतो."

त्यानं अहवालात 'इनसबॉर्डिनेशन', हुकूम मोडला, असंच लिहिलं. नियमानं ते मला कळवावं लागलं. मी अर्ज केला. राखीव जागांचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याकडे एक, दिल्लीला एक. अर्जात तिन्ही वर्षांची नावं आणि शेरे. संथाल पोरानं सही केली. बिहारच्या क्लार्कनं केली नाही, त्याला चार मुलं होती. गोपनीय कागद फोडल्याचा ठपका माझ्यावर आला आणि मला तिकिटं चिकटवायला डिस्पॅचमध्ये टाकलं. टाकू दे.

दिल्लीहून चौकशीला अधिकारी आला. त्यानं साहेबाला विचारलं, "ॲडिक्वेट आणि गुड यांत फरक काय?"

"तसा काही नाही, सर. जवळपास एकच."

"मग या तिघांना गुड का नाही लिहिलंत?"

वीज गेलेली. पंखा बंद. साहेबाच्या कानामागून घाम उतरून कॉलरमध्ये जिरला. त्यानं सफिशंट म्हणून पाहिलं, सॅटिस्फॅक्टरी म्हणून पाहिलं. एकेक शब्द चाचपत होता. मी समोर बसून त्याच्या तोंडाकडे बघत होते. मला गोड वाटलं. लपवत नाही. मनात आलं, अजून विचारा. अजून.

त्याची बढती अडकली. मग एक दिवस तो माझ्या टेबलाशी आला. मी खुर्ची दिली नाही.

"बाई, आपण मराठी माणसं, परमुलखात. तक्रार मागे घ्या. तुम्हाला यंदा आउटस्टँडिंग देतो."

"मला तुमचा चांगला शब्द नको. ते अहवाल खोडून हवेत. तिघांचेही."

"इतका सूड, बाई?"

"हो," मी म्हटलं.

तो निवृत्त झाला, त्याच खुर्चीतून. दिल्लीचं उत्तर अजून आलेलं नाही. मी दर महिन्याला स्मरणपत्र पाठवते. त्यांना वाटतं, साहेब गेला, आता ही बाई गप्प बसेल. बसणार नाही. ती ओळ तिघांच्या कागदांवरून लाल शाईनं खोडली पाहिजे. ती लिहिणाऱ्याचं नाव त्या खोडलेल्या ओळीखाली लागलं पाहिजे. तो जिवंत असताना लागलं पाहिजे, आणि त्याला वाचता आलं पाहिजे. माफी त्यानं मागू नये. मी देणार नाही.