नूरचाचांनी सेन्सरखाली ठेवलेलं रबर

नूरचाचांनी माझी पीएचडी जवळजवळ बुडवली होती.

आज सकाळी ते गेले, आणि मला सगळ्यात आधी तेच आठवलं.

तेलगावजवळच्या एका खेड्यात चाचा बोअरच्या मोटारी काढायचे, दुरुस्त करून परत सोडायचे. सगळी हयात त्यातच गेली. माझं काम होतं जमिनीखालचं पाणी वाढतंय की घटतंय, हे नवीन बोअर न मारता ओळखायचं.

रोज सकाळी सात वाजता लोखंडी प्लेटवर घणाचे वीस घाव घालायचे. तो हादरा खडकात शिरतो, भेगांवर आपटून चहूकडे पांगतो आणि दूरच्या खड्ड्यातल्या सेन्सरपर्यंत पोचतो. खडकात पाणी वाढलं की हादऱ्याची चाल किंचित मंदावते.

अट एकच. सेन्सरला कुणी हात लावायचा नाही.

घण चाचांच्या हातात दिला, कारण त्यांचा घाव रोज सारखाच पडायचा. सेन्सरही त्यांच्याच आवारात होता.

त्या वर्षी पाऊस उशिरा आला, पण चांगला झाला. नव्या बंधाऱ्याचं पाणी खाली मुरतंय का, हे मला ग्रामसभेत सांगायचं होतं. मुरत नसेल तर गाव आणखी दोन बोअर मारणार होतं. माझी फेलोशिपही संपत आलेली.

आणि तीन आठवड्यांचा डेटा आला तो पार मेलेला. सगळे ग्राफ मऊ.

खड्डा उघडला. सेन्सरखाली ट्रॅक्टरच्या ट्यूबचा तुकडा. छान गोल कापलेला.

"रस्त्यावरनं ट्रॅक्टर गेला की मशीनला लई गचके बसत हुते, बेटा. म्हून रबर टाकलं."

अहो, ते मशीन गचके मोजायलाच ठेवलेलं होतं! पण मेकॅनिकचा हात तो. थरथरणारं काही दिसलं की त्याखाली रबर गेलंच.

आज हसू येतं. तेव्हा मी चार माणसांसमोर ओरडले, "तुम्हाला कुणी सांगितला होता हा शहाणपणा?"

वडिलांच्या वयाच्या माणसाला. त्याची लाज अजून वाटते.

चाचांनी आधी घरात चहा सांगितला. मग मला मागच्या बोअरपाशी नेलं आणि केसिंग पाईपवर पाना हाणला.

"पैली ठण सोड. ती लोखंडाची हाय. मागून येतंय ते ऐक."

मी ग्राफचा पुढचा भागच बघत होते. मागचं लांब शेपूट कचरा म्हणून कापून टाकत होते. खडकात भटकून भटकून उशिरा पोचलेले हादरे त्या शेपटातच असतात, हे पुस्तकात वाचलं होतं. परीक्षेपुरतं.

मग त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. रबर ठेवलं त्या तारखेवर पेन्सिलची खूण होती.

"तवापासून बोट न्हाई लावलं."

म्हणजे तीन आठवडे तेच रबर, तीच जागा. मग रबराच्या दिवसांची तुलना रबराच्याच दिवसांशी करता येत होती.

मी दोन दिवस डेटा घेऊन बसले. पुढचा हादरा रबराने गिळला होता, पण शेपूट तगलं होतं. आणि ते रोज किंचित उशिरा येत होतं.

पाणी मुरत होतं.

ग्रामसभेने दोन्ही बोअर रद्द केले. त्या उन्हाळ्यात गावातल्या मोटारी आणखी खाली सोडायची वेळ आली नाही. "माझा धंदा बसवलास की," चाचा भेटेल त्याच्यासमोर म्हणायचे, आणि खूश असायचे.

थीसिसची एक प्रत त्यांना नेऊन दिली. आभाराच्या पानावर त्यांचं नाव कुठे आहे ते विचारून घेतलं, त्यावर बोट ठेवून बराच वेळ बघत बसले.

"आन रबराचं लिवलं का?"

मी म्हणाले, लिहिलंय, पण तुमचं नाव न घालता.

"घालायचं की. चूक माझीच हुती."

सेन्सर अजून तिथेच आहे. अंबाजोगाईत चहा घेताना मी रोज मोबाईलवर चाचांचे ते वीस घाव बघते. आज सात वाजून गेले तरी रेष सपाट होती. मग त्यांच्या सुनेचा फोन आला.

उद्या सातला मी तिथे असेन. घाव तुमच्यासारखे सारखे पडणार नाहीत, चाचा. पण वीस घालीन.

आणि बघा, आज नाव घालून लिहिलंय.

तुमच्या चुकीला आणि तुम्हाला, तुमच्या 'बेटा'चा मनापासून सलाम.