सरावासाठी अव्वा

नर्सिंगला जायची इच्छा असलेल्या मुली माझ्याकडं येतात. मी बीदरमध्ये नर्सिंग शिकवते. अर्ज कुठं करायचा, हॉस्टेल कसं असतं, रात्रपाळीचं बापाला कसं समजावायचं, हे त्यांना सांगते. पैसे घेत नाही. त्यामुळं लोक मानतात. मानू नये असं एक आहे, ते आजवर कुणाजवळ बोलले नाही.

माझ्या सासूला आम्ही अव्वा म्हणायचो. त्यांना लकवा झाला, एक बाजू गेली. तोंड मात्र शाबूत होतं. याच तोंडानं त्यांनी मला माझ्या नोकरीच्या सुरुवातीला ऐकवलं होतं, "परक्या गड्यांची घाण काढून आलीस, चुलीला शिवू नको." आता त्यांची घाण काढायची वेळ आली तर माझा हात पुढं होईना. वॉर्डात अनोळखी माणसाची कूस बदलताना मला कधी काही वाटलं नाही. घरी मात्र अव्वांच्या खोलीच्या दारातच पाय अडायचे.

मग मी मुलींना सांगू लागले, हे काम झेपतंय का ते आधी बघा, थोडे दिवस एका म्हातारीची सेवा करा; नौबादला माझ्या घरीच सोय आहे. ऐकायला ते फार चांगलं वाटायचं. मुलींचे बाप तर आभार मानायचे. अव्वांसाठी ठेवलेली बाई मी बंद केली.

त्यातली एक मुलगी मुडबीची होती, बीदरला मावशीकडं राहायची. लहानपणापासून तिला नर्सच व्हायचं होतं. हात हलका, घाण वाटणं नाही. अव्वांशी तिचं चांगलं जमलं होतं.

"अव्वा, कुशीवर व्हा की. पाठ सडवायलाव का?"

"तूच कर गं भवाने. माझं अंग मेलंय."

"तोंड जित्तं हाय की चांगलं!"

अव्वा हसायच्या. मी स्वयंपाकघरातून ऐकायचे.

एका सकाळी तिनं मला हाक मारली. अव्वांच्या पाठीची कातडी लाल झाली होती. "मॅडम, आज तुम्ही करून दाखवा ना. मी नुसतं बघते."

मी म्हणाले, मला लेक्चर आहे.

"ते तर रोजच हाय."

अव्वांचं तोंड भिंतीकडं होतं. त्या तशाच म्हणाल्या, "ती न्हाई शिवायची गं मला. कामून तरास द्यायलीस तिला?"

मी पर्स उचलली आणि कॉलेजला गेले.

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. अर्जाची मुदत संपत आली तेव्हा मी फोन केला. ती म्हणाली, "न्हाई करायचं मला नर्सिंग. तुम्ही एवढ्या शिकलेल्या, तुम्हालाच त्या कामाची किळस यायली. मग मला कामून करायला लावायलाव?"

मला कामाची किळस नव्हती, त्या एका माणसाचा राग होता. एवढं एक वाक्य बोलले असते तर तिनं कदाचित अर्ज भरला असता. पण ते बोलायचं म्हणजे बाकीचंही सांगावं लागलं असतं. "बघ बाई, तुझी मर्जी," म्हणून मी फोन ठेवला. पुढं ती बीदरजवळच्याच कोळारच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागल्याचं कळलं. अव्वांच्या खोलीत दुसरी मुलगी येऊ लागली.

परवा ती मुडबीची मुलगी बसस्टँडवर भेटली. स्वतःहून जवळ आली. कशा आहात वगैरे झालं.

"धाकटी बहीण नर्स व्हायचं म्हणायली, मॅडम. तुमच्याकडं पाठवू का?"

"पाठव की."

तिनं विचारलं, "अव्वा हायेत का?"

"न्हाईत. गेल्या."

"मग पाठवते," ती म्हणाली.