फाटकात न म्हटलेली गाणी

माझ्या बायकोला हे माहीत नाही. चर्चमध्ये दर रविवारी पापांची कबुली म्हणायची वेळ येते, तेव्हा सगळ्यांबरोबर मीही मोठ्यानं म्हणतो — पण हे त्यात कधी धरलं नाही. धरायचं ठरवून गेलो, आणि तसाच परत आलो. असं किती वेळा झालं, सांगता येणार नाही.

मग आज का सांगतोय? कारण एस्तेरमावशी यंदाच्या पावसाळ्यात वारल्या. ज्यांना हे ऐकायचा हक्क होता, त्या आता ऐकू शकत नाहीत. म्हणजे हे सांगणंही तसं भेकडपणाचंच — ते मला कळतं.

मी नागपूरचा. शाळेत गणित शिकवलं आणि तीस वर्षं आमच्या गायनवृंदाची पेटी वाजवली. लोक मला मास्तरच म्हणतात. दर डिसेंबरात टेम्पोला कागदाचे तारे बांधून आम्ही घरोघर नाताळची गाणी म्हणत फिरतो. सदर, मोहननगर, आणि शेवटी मेकोसाबागेत रेल्वेच्या भिंतीला लागून असलेली ती गल्ली. गल्लीच्या टोकाला एस्तेरमावशींचं घर. रेल्वेत नोकरीला असलेला नवरा लवकर गेला, मावशींनी शिवणकाम करून एकुलती मुलगी वाढवली. आमच्या वृंदाचे पांढरे झगेही त्यांनीच शिवलेले.

मुलीचं नाव रिबेका. आम्ही रेबू म्हणायचो. आवाज जरा जाड, म्हणून मी तिला लहानपणीच दुसऱ्या आवाजात बसवलं. चाल पहिला आवाज धरतो, दुसरा त्याच्या खालून चालतो. एकटा ऐकला तर त्याला चेहरा नसतो. ती कुरकुरायची, "मास्तर, मले कधी चाल म्हणू द्याल?" मी म्हणायचो, चाल धरायला आम्ही आहोत ना.

रेबू नर्स झाली आणि नोकरीसाठी येमेनला गेली. मग तिथं युद्ध पेटलं. भारतातली बरीच माणसं परत आणली गेली. ती आली नाही. कमी दिवसांची बाळं काचेच्या पेटीत ठेवतात, त्या वॉर्डात तिची ड्युटी होती. "त्यायले टाकून कशी येऊ?" असं तिनं आईला फोनवर विचारलं. मावशींनी मला हे सांगितलं तेव्हा त्या रडतही होत्या आणि त्यांना अभिमानही वाटत होता.

ही दहा वर्षांपूर्वीच्या नाताळातली गोष्ट. मावशी आमच्या सरावाला आल्या आणि रेबूचा निरोप सांगितला. दवाखान्याचं तळघर, लाइट नाही, वर विमानं — आणि रेबूनं तिथल्या नर्सबायांना शब्द दिला होता, की माझ्या गावची माणसं तुम्हाला गाणं ऐकवतील. आमची फेरी असेल त्या संध्याकाळी साडेसातला ती फोन लावणार. आम्ही तेव्हा मावशींच्या घरी असायचं, बस, एवढंच.

"याल ना गा मास्तर? पोरगी आस लावून राहिली."

मी हो म्हटलं. याला कोण नाही म्हणेल?

त्या दिवशी दुपारी चहाच्या टपरीवर टीव्ही चालू होता. खाली पट्टी सरकत होती. रेबूच्या शहराचं नाव, हवाई हल्ला, दवाखान्याजवळ. मी उरलेला चहा ओतून दिला. कुणाला फोन करून विचारावं? मावशींना? — नाही केला.

संध्याकाळी टेम्पो निघाला. चौदा जणं, पुढं ढोलक, माझ्या मांडीवर पेटी. सव्वासातला आम्ही त्या गल्लीच्या तोंडाशी होतो. मी पुढं बघितलं. मावशींच्या खिडकीत दर वर्षी लाल तारा लागतो. त्या दिवशी तो विझलेला होता.

मला वाटलं, बातमी आली.

मला वाटलं, आत शिरलो की मावशी जमिनीवर बसलेल्या असतील आणि माझ्याकडे बघतील. मग मी काय करू? पेटी कुठं ठेवू? — खरं सांगू? त्या क्षणी रेबूचा विचार मनात नव्हताच. मला ते रडणं बघायचं नव्हतं, एवढंच होतं. मी ड्रायव्हरला म्हटलं, सरळ घे. मागे वळून पोरांना सांगितलं, मावशींचा फोन आला होता, त्यांना बरं नाही, येऊ नका म्हणाल्या.

फोन आला नव्हता.

पुढच्या घरी आम्ही करंज्या खाल्ल्या. मीही खाल्ल्या.

सकाळी धीर करून गेलो. मावशी अंगणात कपडे वाळत घालत होत्या. रेबू जिवंत होती. साडेसातला तिनं बरोबर फोन लावला होता. तारा विझलेला होता, कारण त्याची पिन काढून मावशींनी तिथं मोबाइल चार्जिंगला लावला होता — ऐन वेळी बॅटरी संपू नये म्हणून. समोर रेंज नसते म्हणून त्या मागच्या अंगणात फोन घेऊन उभ्या होत्या. पाऊण तास.

"तुम्ही आले नाही गा मास्तर," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता.

आणि मी म्हटलं, "आलो होतो मावशी. फाटकात उभं राहून दोन गाणी म्हटली. तारा बंद, दार बंद. वाटलं, तुम्ही घरी नाही."

कुठून आलं हे तोंडात? आदल्या क्षणापर्यंत मनात नव्हतं. मावशींनी माझ्याकडे बघितलं, मग आपल्या उजव्या कानाला हात लावला. "मालगाडी गेली असन तेव्हा. अन् हा कान तर मेलाच आहे माया. शेजारचेबी सावनेरले गेले, नाहीतर त्यायनं तरी हाक मारली असती."

मी लटपटत खोटं उभं केलं होतं. ते त्यांनी आपल्या हातानं पक्कं करून दिलं. मी ते घेतलं.

जानेवारीत रेबू गेली. दवाखान्याच्या फाटकाशी, पाण्याच्या टँकरजवळ तोफेचा गोळा पडला. तिथंच पुरलं तिला.

वर्षभरानं तिच्याबरोबरची एक केरळची नर्स गाडीनं घरी परतताना मुद्दाम नागपूरला उतरली. मावशींनी मलाही बोलावलं होतं. ती हिंदीत सांगत होती. तळघरात सात जणी आणि काही बाळंतिणी फोनभोवती बसल्या होत्या. रेबू म्हणत होती, पाच मिनिटं थांबा, येतील. अजून पाच मिनिटं. शेवटी तिनं स्वतःच म्हणायला सुरुवात केली. पण तिला येत होता तो दुसरा आवाज. कुणालाच ते गाणं ओळखू आलं नाही. एकीनं विचारलं, हे कुठलं? रेबू हसली आणि म्हणाली, अर्धंच आहे, उरलेलं गावाकडे आहे.

मावशी म्हणाल्या, "मायाच कानानं दगा दिला पोरीले."

मी तिथंच बसलो होतो. हातात चहाचा कप होता.

त्या महिन्यात त्यांनी कानाचं यंत्र घेतलं. त्यानंतर दर नाताळात दुपारी चारपासून त्या फाटकाजवळ खुर्ची टाकून बसायच्या. कोणी भेटलं की सांगायच्या, पोरं आली होती, मलेच ऐकू आलं नाही. इकडे वृंदातल्या पोरांना मी बजावून ठेवलं होतं, त्यांच्यासमोर त्या दिवसाचा विषय काढू नका. एकदा एका मुलीनं त्यांचा हात धरून म्हटलं, "मावशी, त्या वर्षी तुम्हाला बरं नव्हतं ना —" आणि मी पेटीवर जोरानं सूर दिला. सगळे गायला लागले. मावशींच्या ओठांवर काहीतरी प्रश्न होता, तो गाण्यात बुडाला.

दहा वर्षं मी दोन्ही बाजू राखल्या. त्यात मला सफाई आली होती.

यंदा जूनमध्ये त्यांनी अंथरूण धरलं. मी भेटायला गेलो. यंत्र काढून ठेवलेलं होतं, म्हणून मी कानाशी वाकलो. तेव्हा त्यांनी विचारलं, "मास्तर, त्या दिवशी फाटकात कोणती दोन गाणी म्हटली होती?"

दहा वर्षांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. खोलीत आम्ही दोघंच होतो. मला घाई नव्हती. भीती वाटावी असं समोर काहीच नव्हतं — एक म्हातारी बाई, आणि तिचा प्रश्न.

मी दोन गाण्यांची नावं सांगितली.

 त्या म्हणाल्या, "दुसरं रेबूले लय आवडे."

मी म्हटलं, हो, म्हणूनच ते घेतलं होतं.