बाईंचा आवाज गेला तो दिवस

एम.एस्सी. झाल्यावर आणि पुढची आठ वर्षं हिंजवडीला सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्यात घालवल्यावर मी डी.एल.एड.ला प्रवेश घेतला. प्राथमिक शिक्षक व्हायचं तर हीच पदविका लागते. नाव बदलून वर्षं झाली तरी लोक तिला अजून डी.एड.च म्हणतात. तिथे बारावी झालेल्या पोरी येतात. पहिल्या दिवशी मी वर्गात शिरले तेव्हा त्या सगळ्या उठून उभ्या राहिल्या आणि मी हजेरी घ्यायची वाट बघू लागल्या. घरी बाबा म्हणाले, "लोक पहिलीतून एम.एस्सी.ला जातात. तू परतीच्या वाटेला लागलीस."

पहिलं वर्ष बरं गेलं. परीक्षा द्यायची मला सवयच होती. दुसऱ्या वर्षी प्रत्यक्ष शाळेत जाऊन शिकवायचं होतं, आणि माझ्या वाट्याला मार्केट यार्डाच्या मागची महापालिकेची शाळा आली. वर्ग पहिलीचा. छत्तीस मुलं, त्यातली बरीचशी हमालांची आणि कांदा निवडायला जाणाऱ्या बायकांची. वर्ग ज्यांचा होता त्या बाई निवृत्तीला टेकलेल्या, किडकिडीत, आणि कमी बोलणाऱ्या. बोलल्या की मात्र पुण्याचं पाणी कळायचं.

माझा पहिला पाठ मी चार दिवस बसवला होता. पाठाचं टाचण असं काढलं होतं की कॉलेजात ते नमुना म्हणून फिरलं. शिक्षकाची कृती, विद्यार्थ्याची कृती, मिनिटं, साहित्य, सगळे रकाने भरलेले. बरोबर पस्तिसाव्या मिनिटाला मी खडू ठेवला. बाई मागच्या बाकावरून उठून आल्या आणि म्हणाल्या, "पाठ उत्तम झाला. मुलं आली नसती तरी झाला असता."

मला राग आला. मला राग पटकन येतो, आणि खरं बोललेल्या माणसाचा तर जास्तच. त्याच आठवड्यात जुन्या साहेबांचा फोन आला. दिवाळीनंतर नवीन काम सुरू होतंय, यायचं असेल तर सुट्टीच्या आधी सांग. मी बाबांसमोर अट मांडून मोकळी झाले: दिवाळीच्या सुट्टीपर्यंत एका मुलाला, फक्त एका, मी वाचायला शिकवेन. नाही जमलं तर डी.एड. सोडेन आणि मुकाट्याने हिंजवडीची बस धरेन. बाबा म्हणाले, "मांडलेलं गणित सोडवायचं असतं, एवढं लक्षात ठेव."

मूल निवडायला अडचण नव्हती. आम्हाला प्रत्येकीला एका मुलाचा अभ्यास करून अहवाल लिहायचाच होता. मी खिडकीजवळच्या मुलीला निवडलं. परभणीकडून आईबापांबरोबर आलेली, सहा वर्षांची, दोन घट्ट वेण्या घातलेली. ती सुटी अक्षरं ओळखायची. घ म्हणायची, र म्हणायची. "दोन्ही मिळून काय झालं?" विचारलं की माझ्याकडे बघत बसायची.

मी तिच्यासाठी कार्डं केली. वर चित्र, खाली शब्द. चित्रं मी जीव ओतून रंगवली. यार्डातली पोर म्हणून भाज्याच घेतल्या. वांग्याचं कार्ड दाखवलं. ती म्हणाली, "भरताचं." मिरचीला म्हणाली, "ही तिखट नसती." कांद्याचं कार्ड तिने नीट निरखलं आणि म्हणाली, "हळवा हाय. टिकायचा न्हाई." मी अहवालात लिहिलं, 'प्रतिसाद विसंगत, आकलन मंद.' आज ते आठवलं की मान खाली जाते. कांद्याचं चित्र बघून तो किती दिवस टिकेल हे सांगणारी मुलगी, आणि मंद कोण, तर ती.

दहा-बारा दिवसांनी ती कार्डावरचे शब्द बरोबर म्हणू लागली. मी हरखून तिला बाईंच्या टेबलापाशी नेलं. तिने पाच कार्डं घडाघडा वाचली. बाईंनी सहावं उचललं आणि चित्रावर आपला तळहात ठेवला. मुलगी गप्प. सातव्यावर ठेवला. गप्प. बाईंनी तिला जागेवर पाठवलं, कार्डं जुळवून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "चित्रं फार चांगली काढता तुम्ही."

मग मी चित्रं फेकली आणि जोर लावला. मधल्या सुट्टीत बसवलं, शाळा सुटल्यावर बसवलं. ती कंटाळायची नाही, रडायची नाही, नुसती बघायची. पालथ्या घड्यावर पाणी, असं मी मनात म्हटलं. सुट्टीला आठ दिवस राहिले तेव्हा साहेबांना पाठवायच्या निरोपाची वाक्यंही मी जुळवून ठेवली होती.

त्या सोमवारी बाई गळ्याला मफलर गुंडाळून आल्या. आवाज पार गेला होता. तोंड उघडलं तर नुसती हवा. छत्तीस मुलांची पहिली आणि शिक्षकाला आवाज नाही! मी पदर खोचून पुढे झाले. मला वाटलं, आता वर्ग माझ्या ताब्यात येणार. बाईंनी बोटाने मला मागचा बाक दाखवला.

वर्गात बाजार भरला होता. बाईंनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'बसा', आणि हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. टेबल वाजवलं नाही, डोळे वटारले नाहीत. कुणीतरी पुढचा ओरडला, "बसा लिवलंय!" आणि बसला. चार बसले, दहा बसले. सगळे बसल्यावर त्यांनी ते पुसून 'उठा' लिहिलं. उठले. 'नाक धरा.' धरलं. 'पाय वाजवा.' तो आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला असणार. हळूहळू एक विचित्र गोष्ट घडली. मुलांनीही बोलणं सोडलं. फळ्याकडे टक लावून, खडूच्या टोकाबरोबर मान हलवत, पुढे काय उमटतंय याची ती वाट बघत होती. अशी शांतता मला माझ्या टाचणात कधी लिहिताही आली नव्हती.

माझी मुलगी सगळं करत होती, पण शेजारणीकडे बघून, एक क्षण उशिरा. मला ते दिसत होतं. बाईंनाही दिसत असणार.

कारण त्यांनी फळा सोडला आणि पाटी घेतली. आता त्या एकेका मुलासमोर जायच्या, पाटीवर काहीतरी लिहून फक्त त्यालाच दाखवायच्या, आणि त्याने ते करायचं. कुणी दार लावलं, कुणी दप्तर डोक्यावर घेतलं. असं करत करत त्या खिडकीपाशी पोचल्या. पाटीवर लिहिलेलं मला मागून दिसलं: 'मला खडू दे.'

तिने शेजारणीकडे बघितलं. पाटी शेजारणीच्या उलट अंगाला वळवलेली होती, तिला ती दिसत नव्हती. मग तिने बाईंच्या तोंडाकडे बघितलं. तिथेही काही मिळालं नाही. सगळा वर्ग तिच्याकडे वळला. हिला येत नाही हे ठाऊक असून चारचौघांत हा छळ कशाला, म्हणून मी तावातावाने अर्धी उठले. बाईंनी एकदाच माझ्याकडे बघितलं आणि मी बसले.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मी असते तर पाच वेळा शब्द फोडून सांगितला असता. बाई पाटी धरून उभ्या होत्या. त्यांचा हात कापायला लागला तेव्हा त्यांनी दुसऱ्या हाताचा टेकू दिला, पण पाटी खाली आली नाही. मुलीचे ओठ हलत होते. म, ला. थांबले. पुन्हा सुरुवातीपासून. ख. ख. मग तिचे ओठ हलायचे थांबले, आणि चेहऱ्यावर काहीतरी झालं. ते मी नेमकं सांगू शकत नाही. आतून कुणी हाक मारल्यावर माणूस जसं दचकतं, तसं. ती उठली, टेबलाशी गेली, खोक्यातून एक खडू काढला आणि आणून बाईंच्या हातात दिला.

आपण स्वतः वाचायला नेमकं कधी लागलो हे कुणालाच आठवत नाही. मलाही नाही. एवढी गणितं शिकले, अनंत म्हणजे काय ते शिकले, पण काळ्या पाटीवरच्या चार रेघा सहा वर्षांच्या पोरीच्या डोक्यात शिरून खडू होताना मी पहिल्यांदाच बघत होते. ते माझ्यापासून आठ-दहा पावलांवर घडलं आणि तरी कसं घडलं हे मला कळलं नाही.

बाईंनी मान डोलावली, आणि तोच खडू आणि पाटी तिला परत दिली. तिला आधी समजेना. मग समजलं. पाटी पोटाशी धरून, जीभ बाहेर काढून तिने लिहिलं. ब पोटात फुटलेला, स पलीकडे झुकलेला, काना दूर पळालेला. 'बसा.' तिने पाटी उलटी करून बाईंना दाखवली.

बाई बसल्या. तिथेच, फरशीवर, गुडघ्याला हात लावत, त्या वयात.

वर्ग हसला. ती मात्र हसली नाही. तिने बसलेल्या बाईंकडे बघितलं, मग पाटीकडे, मग परत बाईंकडे. आपण तोंडातून शब्द काढला नाही आणि एवढं मोठं माणूस खाली बसलं, हे ती तपासून बघत होती. मागच्या बाकावर मीही तेच करत होते.

शाळा सुटल्यावर मी विचारलं, "बाई, हे तुम्ही ठरवून केलंत?"

त्यांनी पाटीवर लिहिलं, 'ठरवते कसली? आवाज गेलाय.'

"पण तिला वाचता येईल हे तुम्हाला माहीत होतं?"

'नव्हतं.'

त्यांनी पाटी पुसली आणि सावकाश पुन्हा लिहिलं, 'तुमच्या टाचणात थांबायचा रकाना नाही. आखून घ्या.'

घरी गेल्यावर मी बाबांना सगळं सांगितलं, पाटीपासून फरशीपर्यंत. ते पेपर बाजूला ठेवून ऐकत होते, हेच मुळात नवल होतं. शेवटी म्हणाले, "म्हणजे पोरगी वाचायला लागली. जिंकलीस."

"मी नाही शिकवलं, बाबा. माझं एकही कार्ड उपयोगी पडलं नाही. अट मी हरले."

"मग साहेबांना कळवून टाक, येते म्हणून."

"कळवलं मघाशीच. येत नाही म्हणून."

बाबांनी चष्मा काढला. "हरलीस म्हणतेस आणि राहतेस. कशासाठी?"

"बाईंनी आज जे केलं," मी म्हणाले, "ते मला येत नाही म्हणून."